डाव्या बाहीची शिवण

॥ श्री ॥
मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

ती. कांचनताईस,
प्रतापचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी पिसाच्या लेखणीनं लिहितोय. पीस स्वतः तासलंय, शाई स्वतः केलीय, कागदाची घडी घालून वर लाख लावलीय. तेव्हा अक्षराला नावं ठेवण्याआधी हे लक्षात घे. फोनवर तुला माझं हॅलो सोडून काही ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सॲप सुमंत वाचून दाखवतो. भाच्याच्या तोंडून मामानं आपलं मन कसं मोकळं करायचं? म्हणून पत्र.

माझं ठीक आहे. पद्मजा अजून सांता क्लाराला लेकीकडे, वैदेहीकडेच आहे. नीलचा जन्म झाला तेव्हा सहा आठवड्यांसाठी गेली होती, त्याला आता सात महिने झाले. मी तिला परतीच्या तारखा काढून पाठवतो, फ्लाइट नंबर, सीट, सगळं. ती बघते म्हणते. घर फार नीटनेटकं राहिलंय.

तू ज्याला माझं सोंग म्हणतेस ते जोरात चालू आहे. पुन्हा सांगतो, सोंग नव्हे. सतराशे एक्क्याऐंशी साली इथून तासाभरावर मोठी लढाई झाली होती. आम्ही पन्नास-साठ माणसं त्या काळचे कपडे घालून दोन-दोन दिवस मैदानात तंबू ठोकून राहतो, लाकडं फोडून रांधतो, लोक बघायला येतात. मी पलटणीचा शिंपी आणि कपड्यांचा तपासनीस. पहिल्या वर्षी एकानं विचारलं की तुझ्या रंगाचा माणूस तेव्हा इथे कुठला? मी त्याला त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या पळालेल्या नोकरांच्या जाहिराती दाखवल्या. त्यात ईस्ट इंडियन म्हणून स्पष्ट लिहिलंय. तेव्हापासून कुणी विचारत नाही. पाठीमागे मला स्टिच काउंटर म्हणतात, म्हणजे टाके मोजणारा. मोजतोच. भिंग घेऊन मोजतो. हे सगळं मी पुस्तकं आणि म्युझियमच्या काचा यांवरून शिकलो, मला कुणी शिकवलं नाही.

आमचं सहा जणांचं एक पातेलं असतं. पातेलं म्हणजे पंगत म्हण. खरं तर त्यातले पाच नुसतेच येतात-जातात, ग्लेन तेवढा कायमचा. स्कूल बसचा मेकॅनिक होता, आता रिटायर्ड. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको डोना गेली. दिवसभरात वीसेक वाक्यं बोलतो, त्यातली बरीचशी लाकडांबद्दल. पण पातेल्याशी बसलं की माझ्यासाठी न विचारता आधी वाढतो, आणि मांस माझ्यापासून बाजूला ठेवतो. चार वर्षांत एकदाही विसरला नाही.

त्याच्या कोटाचं अस्तर काखेत फाटलं होतं. दोन टाके घालून दे म्हणाला. मी कोट घरी आणून उलटा केला आणि थक्क झालो. अख्खा कोट मशीनवर शिवलेला! पॉलिएस्टरचा दोरा! सतराशे एक्क्याऐंशी साली! बाहेरून दिसत नाही एवढंच. कुठल्या तरी फेरीवाल्या दुकानदारानं त्याला फसवलेलं दिसतं. मी ठरवलं की बिचाऱ्याला सरप्राइज द्यायचं. गेले दोन महिने जमेल त्या संध्याकाळी बसतोय, सगळा उसवून झाला. आता मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्यानं हातानं शिवतोय, इंचाला दहा टाके. काजंसुद्धा नव्यानं केली. उसवण्याआधी एकेका चुकीचा फोटो काढलाय, शेजारी पट्टी ठेवून. नवशिक्यांना दाखवायला उपयोग होईल. डाव्या बाहीची शिवण तर इतकी नागमोडी आहे की तिला मी ‘चूक क्रमांक नऊ’ असं खास नाव दिलंय.

मला कुणी शिकवलं नाही, तरी हात बघशील तर खूश होशील. उत्तर सविस्तर लिही. लोभ आहेच, तो पोस्टाच्या हवाली करत राहा.

तुझा,
प्रताप


मिरज
२६ ऑक्टोबर २०२४

चि. प्रताप यास,
कांचनताईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. लाखेचा चुरा झाला होता. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला की आजी, कोर्टाची नोटीस आहे का? मी म्हटलं, नाही रे, भाऊ आहे, तोही तसाच.

अक्षराला नावं ठेवत नाही. पण ‘मला कुणी शिकवलं नाही’ हे एका पत्रात दोनदा आलंय, ते मोजलं. टाके तू एकटाच मोजतोस असं नाही. तुला कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा एकवीस दिवस घरात कोंडून होतास आणि जीव खाल्लास माझा. माझ्या शिवणक्लासच्या बायका पुढच्या खोलीत, तू मधल्या दारात बसून. तुझ्या हातात चिंधी आणि सुई मी दिली. काज करताना दोरा कुठल्या बाजूनं घ्यायचा हे कुठल्या म्युझियमच्या काचेत बघितलंस रे? असो. म्हातारीची आठवण कच्ची असेल.

आता मुद्द्याचं. तो कोट कुणी शिवलाय हे विचारलंस का? माझ्या क्लासात एकच नियम भिंतीवर लिहिलेला होता, दुसऱ्याची शिवण उसवण्याआधी विचारायचं. तो माणूस दोन टाके म्हणाला ना? मग दोनच घालायचे. दुकानातली शिवण नागमोडी नसते, प्रताप. दुकानातली शिवण सरळ आणि कच्ची असते. नागमोडी शिवण घरातल्या माणसाची. हे पत्र पोचेपर्यंत त्याला कोट देऊ नकोस, आधी विचार.

आणि पद्मजाला तू तारखा पाठवतोस म्हणे. कधी ये म्हणून लिहिलंस का? तारीख आणि ये यांत फरक आहे.

भाऊबीजेला पाटावर सुपारी ठेवून ओवाळीन दरवर्षीसारखं. खोकल्याला हळद घे. माया आहे ती आहेच, रागावलेय असं समजू नकोस.

तुझी,
ताई


मॉरिसव्हिल
सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, तरी लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाला लिहू?

शनिवार-रविवार कॅम्प होता. पाडव्याच्या दिवशी मी तंबूत होतो. सकाळी पद्मजाचा मेसेज होता, दिव्याचं चित्र. मीही दिव्याचं चित्र पाठवलं आणि फोन गाडीत ठेवून दिला, कारण मैदानात फोन चालत नाही. म्हणजे नियमात चालत नाही.

ग्लेनला कोट दिला. चांगला मलमलच्या कापडात बांधून दिला. त्याला सांगितलं की काखेत बघ, मग म्हटलं की अरे नुसती काख काय बघतोस, सगळा बघ. त्यानं कोट उलटा केला. शिवणीवरून अंगठा फिरवला. डावी बाही उलटी केली आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी त्याला इंचाला दहा टाके, मेणाचा दोरा, सगळं समजावून सांगत होतो. तो म्हणाला की खूप काम केलंस, थँक यू. मग घडी घातली, ट्रकमध्ये ठेवला, आणि रात्रीचं जेवण व्हायच्या आधी निघून गेला. तंबूसुद्धा काढला नाही. तो मी रविवारी एकट्यानं काढला.

सेहेचाळीस संध्याकाळी घातल्यात मी त्या कोटात. माणसाला एवढी तरी जाण असावी. बाकीचे त्या दिवशी दुसऱ्या शेकोटीवर गाणी म्हणत बसले होते. सहा जणांच्या पातेल्यात एका माणसाचा भात नीट होत नाही ताई, तळाला लागतो.

फराळाचं इथल्या दुकानातून आणलं. चकली मऊ. बाकी क्षेम. तुझा हात माझ्या डोक्यावर राहू दे.

प्रताप


मॉरिसव्हिल
शनिवार, २३ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी आलं. कोट देऊन एकोणीस दिवस झाल्यावर.

पत्र वाचून मी आमच्या पलटणीच्या कॅप्टनला फोन केला. विचारलं की ग्लेननं कोट कुठून घेतला होता? कॅप्टन म्हणाला की तुला माहीत नव्हतं? तो डोनानं शिवला. शेवटच्या हिवाळ्यात. दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात जायची आणि मधल्या दिवसांत घरी बसून शिवायची. तिनं शिवलेलं तेवढं एकच. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, तू तपासनीस असून कोट उलटा करून बघत नाहीस म्हटल्यावर आम्हाला वाटलं की तूही जाणून सोडून देतोयस.

ताई, मी जाणून सोडलं नव्हतं. मी फक्त बघितलं नव्हतं. आणि बघितल्यावर उसवलं.

चार वर्षं त्याच्या शेजारी बसून जेवलो. बायको कशानं गेली एवढं विचारलं होतं, ते वाक्यही मला आठवतंय. पुढचं नाही विचारलं. त्याला मी तंबूच्या खुंट्या कुठल्या लाकडाच्या असाव्यात हे सांगत बसलो.

तिचा दोरा कचऱ्यात गेला. ऑगस्टमध्येच गेला.

काज तूच शिकवलंस. ते ऑक्टोबरच्या पत्रात घालून वाच.

काय करू ते लिही. तुझ्याशिवाय विचारायला माणूस नाही.

प्रताप


मिरज
१४ डिसेंबर २०२४

चि. प्रताप यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोन दिवस तसंच ठेवलं. मग माझ्या जुन्या पेटीतून एक लिननचं ब्लाउजपीस काढलं, त्यावर मशीननं टीप मारली, ती उसवली, आणि खिडकीत धरून बघितलं. भोकं दिसतात, प्रताप. लोकरीवर बुजतात, पण लिननवर राहतात. तुझ्या कोटाला अस्तर लिननचं आहे ना? मग बाईची शिवण अजून तिथे आहे. दोरा गेलाय फक्त.

आता नीट वाच. तुझी हातशिलाई उसव. सगळी. हो, सेहेचाळीस संध्याकाळी. मग मशीनवर बस. मोटर लावू नकोस, हातानं चाक फिरव, आणि सुई एकेका जुन्या भोकात उतरव. जिथे तिची शिवण वाकडी गेली तिथे तुझीही वाकडीच जायला हवी. तू चुकांचे फोटो काढलेस ना पट्टी ठेवून? ते तुझे गुरू समज. तसलाच दोरा आण, पॉलिएस्टरचा, त्याच रंगाचा. नाक मुरडू नकोस.

काजांचं काही होणार नाही. ती तू कापलीस, ती तुझ्या नावावर राहणार. ते त्याला आधी सांग.

पण खरी अडचण ही नाहीच. कोट त्याच्याकडे आहे. तो तुला पुन्हा मागावा लागेल. तिथे जाऊन भाषण करू नकोस. माहिती देऊ नकोस. चुकलं म्हण आणि उभा राहा.

मशीन पद्मजाची आहे घरात, फॉल लावायची ती. तुला बॉबिन भरता येत नसणार. तिला विचार. सांगू नकोस, विचार.

माझं ऐकू येणं आणखी कमी झालं, पण मशीनचा आवाज पायाला कळतो. खात-पीत जा. आठवण काढतेस ना, हे विचारू नकोस, काढतेच.

ताई


मॉरिसव्हिल
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्षाच्या सुरुवातीला मिळालं. आधी ग्लेनला पत्र लिहिलं, साध्या बॉलपेननं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. उत्तर नाही. मग ड्राइव्ह करून त्याच्या गावी गेलो. ॲशबरोच्या पलीकडे, रस्त्याला लागूनच घर. दार उघडून तो उभा राहिला, आत ये म्हणाला नाही. मी म्हटलं की चुकलं. काजांचं सांगितलं. जे करणार ते सांगितलं. चार-पाच वाक्यांत. मला एवढं कमी बोलता येतं हे मलाही माहीत नव्हतं. तो आत गेला. मला वाटलं की दार लावून घेईल. किराण्याच्या कागदी पिशवीत कोट घालून आणला, माझ्या हातात दिला आणि दार लावलं.

मग पद्मजाला व्हिडिओ कॉल केला. बॉबिन कशी भरायची म्हणून विचारलं. ती आधी घाबरली, मला बरं नाही की काय असं वाटलं तिला. मग मी बॉबिन उलटी बसवलेली बघून इतकी हसली की नील रडायला लागला. वैदेही मागून इंग्रजीत म्हणाली की बाबा काहीतरी विचारतायत, हे रेकॉर्ड करून ठेवा. पद्मजाला सगळी हकिकत सांगितली. ती हसायची थांबली. मग दर रविवारी दुपारी फोन टेबलावर उभा करून ठेवायचो आणि ती तिकडून नीलला मांडीवर घेऊन बघायची. मी चाक फिरवतोय, ती म्हणतेय की हळू, हळू, मशीनचा पाय उचल, आता वळव.

ताई, एक गोष्ट तुलाच लिहितो. डाव्या बाहीत दर चार बोटांवर शिवण थांबलेली आहे. टाका दोनदा मागे घेऊन पक्का केलाय आणि मग पुढे गेलीय. पुन्हा चार बोटं, पुन्हा थांबलीय. मी त्या फोटोखाली लिहून ठेवलं होतं की सलग शिवण्याचा सराव नाही, चूक क्रमांक नऊ. भिंगातून ती भोकं बघत सुई उतरवताना मला कळलं की उजव्या बाहीत ती कुठेच थांबलेली नाही. पाठीतही नाही. डावी बाही सगळ्यात शेवटी शिवली असणार.

पद्मजा स्क्रीनवरून म्हणाली की काय झालं, का थांबलास? मी म्हटलं, काही नाही, इथे थांबायचंच आहे.

चुकांच्या फोटोंची ती फाईल मी डिलीट केली. नवशिक्यांना दाखवायची होती ती. एक प्रिंट ठेवलाय, काम संपेपर्यंत लागेल म्हणून.

तुझ्या क्लासात अजून जागा असेल तर नाव घाल. आशीर्वाद असू दे.

प्रताप


मॉरिसव्हिल
सोमवार, १७ मार्च २०२५

ती. ताईस,
प्रतापचा सा. न. वि. वि.

काल कॅम्प संपवून आलो. अंगाला धुराचा वास आहे, तसाच लिहायला बसलोय.

कोट मागच्या आठवड्यात त्याच्या दारात ठेवून आलो होतो. बेल वाजवली नाही. तो कॅम्पला येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. शनिवारी सकाळी तपासणीला सगळे रांगेत उभे राहिले, मी भिंग आणि वही घेऊन निघालो, आणि शेवटून तिसरा ग्लेन. अंगात कोट.

नियम माझाच. मशीनची शिवण मैदानात चालत नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. मागच्या वर्षी एका मुलीला मी एका टीपेसाठी रांगेतून काढलं होतं. तीही तिथे उभी होती, बघत. ग्लेननं सगळ्यांसारखा हात पुढे केला. डावा. मी कफ उलटा केला, शिवण बघितली, कफ पुन्हा नीट केला. वही कॅप्टनला देऊन टाकली. म्हटलं की इथून पुढे तू तपास, मी शिंपी बरा. त्या मुलीची जेवताना माफी मागितली. ती म्हणाली की तेव्हाच मागितली असतीस तर घरी जाऊन रडले नसते. बरोबर आहे तिचं.

ग्लेन दुसऱ्या पातेल्यावर जेवला. मी माझं लावलं. छोटं भांडं नेलं होतं या वेळी, भात नीट झाला. अंधार पडायच्या सुमारास तो लाकडं घेऊन माझ्या शेकोटीशी आला. टाकली. बसला नाही. मग त्यानं विचारलं की डाव्या बाहीत किती वेळा थांबलास?

मी म्हटलं, नऊ.

तो म्हणाला की बरोबर, नऊच. ती बाही शिवली जात होती त्या दुपारी तो शेजारच्या खोलीत बसला होता. मशीन थांबली की प्रत्येक वेळी त्याला वाटायचं की उठून जावं, आणि ती पुन्हा सुरू झाली की तो खाली बसायचा. डोनानं बजावलं होतं की मी हाक मारल्याशिवाय यायचं नाही. तिनं हाक मारली नाही. तो मोजत बसला होता.

एवढं बोलून तो उभा राहिला. मीही उभा राहिलो, तू सांगितलं होतंस तसा. जाताना काजांवर बोट ठेवून म्हणाला की ही मात्र चांगली झालीयत, तिला काजं कधी जमली नाहीत. आणि निघून गेला, आपल्या तंबूत. पुढच्या कॅम्पला माझ्या पातेल्यावर येईल की नाही, मी विचारलं नाही. सकाळी उठलो तेव्हा माझ्या शेकोटीशी दुपारपर्यंत पुरतील एवढी लाकडं फोडून रचलेली होती.

पद्मजाला मी या वेळी तारीख पाठवली नाही. ये, असं लिहिलं. एवढाच मेसेज. तिचं उत्तर अजून नाही. मशीन टेबलावरच आहे, झाकली नाही. बॉबिन भरून ठेवलीय, सरळ बाजूनं.

तुझ्या पायाला मशीनचा आवाज कळतो तसं इथलं काही कळलं तर लिही. माझ्यावरचा लोभ उसवू नकोस.

तुझ्या क्लासातला,
प्रताप